दिल्यास पत्र : काकूंचा पीएफटी आणि ते ५८ टक्के

प्रिय दिल्या,

रात्री तुझा मेसेज वाचला. फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधेमधे प्रश्न विचारणार आणि माझं अर्धं सांगायचं राहून जाणार, म्हणून सगळं टाइप करून पाठवतोय. लांब झालंय, सावकाश वाच.

काकूंच्या पीएफटीत, म्हणजे मशीनमध्ये फुंकायला लावतात त्या फुफ्फुसाच्या तपासणीत, एफईव्ही-१ ५८ टक्के आलं, तू ते गुगलवर टाकलंस, आणि समोर आलं की फुफ्फुसाची ताकद कमी असलेली म्हातारी माणसं लवकर जातात. आता तू म्हणतोयस, आई किती वर्षं आहे ते खरं सांग. मी डॉक्टर नाही, पण त्याच मशीनसमोर रोज बसतो, म्हाताऱ्या माणसांना "फुंका, फुंका, अजून, थांबू नका" असं ओरडून ओरडून घसा बसतो माझा, त्यामुळे त्या आकड्यात काय असतं आणि काय नसतं एवढं नक्की सांगू शकतो.

पहिलं म्हणजे ५८ टक्के याचा अर्थ ४२ टक्के फुफ्फुस गेलं असा नाही. पूर्ण श्वास भरून जोरात सोडला की पहिल्या सेकंदात जेवढी हवा बाहेर येते ती एफईव्ही-१. ती काकूंच्याच वयाच्या, त्यांच्याच उंचीच्या निरोगी बाईत जेवढी असायला हवी त्याच्या ५८ टक्के आहे. म्हणजे वयाची घट त्यात आधीच धरलेली आहे, "वय झालं" म्हणून सोडून द्यायचा विषयच नाही हा. ती घट सगळ्यांचीच होते, पंचविशीपर्यंत फुफ्फुस भरात असतं आणि मग कधी सिगरेटला हात न लावलेल्या माणसाचीही एफईव्ही-१ वर्षाला साधारण २५-३० मिली कमी होत जाते, कारण फुफ्फुसाचा ताण जुन्या रबरासारखा सैल पडतो, बरगड्यांच्या कुर्चा कडक होतात, श्वासाचे स्नायू थकतात. आणि हो, निरोगी माणसाचा आकडा किती धरायचा हे काढायला मशीनमध्ये युरोपियन लोकांचं समीकरण घातलंय की आपल्याकडचं, यावरही टक्का बराच हलतो, एकच फुंकर एका समीकरणात ५८ आणि दुसऱ्यात त्याहून बरीच जास्त दिसू शकते. म्हणून टक्क्यापेक्षा लिटरमधला आकडा जपून ठेव, पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच करायची.

आता तू जे वाचलंस त्याबद्दल. ते खोटं नाही, आणि खोटं आहे असं सांगून मी तुला गप्प करणार नाही. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोशेजारी रेनफ्र्यू आणि पेझली अशी दोन गावं आहेत, तिथल्या ४५ ते ६४ वयाच्या पंधरा हजारांवर बायका-पुरुषांची १९७२ ते १९७६ मध्ये तपासणी झाली, सगळ्यांना फुंकायला लावलं, आणि मग १५ वर्षं कोण गेलं, कशानं गेलं याची नोंद ठेवली. १९९६ साली ते छापून आलं. ज्यांची एफईव्ही-१ सगळ्यात कमी होती त्या पाचव्या हिश्शातल्या लोकांचा मृत्यूचा धोका सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्शाच्या जवळपास दुप्पट निघाला, पुरुषांत आणि बायकांतही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की जन्मात कधी सिगरेट न ओढलेल्यांतही कमी एफईव्ही-१ वाल्यांचा धोका जास्तच होता. अलीकडे १७ देशांतल्या सव्वा लाख माणसांच्या पाहणीतही तेच आलं, आणि त्या देशांत आपला भारतही होता.

पण दिल्या, दुप्पट धोका हे हजारो माणसांच्या गर्दीबद्दल बोलणं आहे. त्या तळाच्या हिश्शातलीही कितीतरी माणसं १५ वर्षांनी जिवंत होती. काकू किती वर्षं आहेत हे त्या आकड्यातून जगातला कुठलाही डॉक्टर काढू शकत नाही आणि कुणी काढून दिलं तर विश्वास ठेवू नकोस. हा मोह जुना आहे बघ, जॉन हचिन्सन नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं १८४६ साली पाण्यावर तरंगणाऱ्या पिंपाचा स्पायरोमीटर करून दोन हजारांवर लोकांचा श्वास मोजला आणि तेव्हाच त्याला वाटलं होतं की विमा कंपन्यांनी यावरून माणसाचं आयुष्य जोखावं.

मग श्वासाचा आणि मरणाचा एवढा संबंध का, तर ही माणसं फक्त फुफ्फुसानं जात नाहीत, बरीचशी हृदयानं जातात. फुंकायला स्नायू लागतात, म्हणून अशक्त माणसाचा आकडा खाली येतो. दम लागतो म्हणून माणूस चालणं सोडतो, चालणं सोडलं की पाय जातात, पाय गेले की आणखी दम लागतो. आणि लहानपणही त्यात असतं. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायरच्या साठीतल्या पुरुषांची जन्माच्या वेळची वजनं जुन्या वह्यांत सापडली, आणि १९९१ साली दिसलं की जन्मतः ज्यांचं वजन कमी होतं त्यांची एफईव्ही-१ साठीतही कमी होती. पोटात असल्यापासूनचं सगळं त्या एका फुंकरीत उतरतं रे.

आता काकूंचं आयुष्य डोळ्यासमोर आण. आटपाडीकडचं गाव, बाभळीचं सरपण, शेणी, पावसाळ्यात ओली लाकडं, खिडकी नसलेलं स्वयंपाकघर आणि काळा पडलेला आढा. लग्नाआधीपासून दोन्ही वेळा चूल, कडेवर तू नाहीतर तायडी. त्यात बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात होत्या हे त्यांनीच मला सांगितलेलं, ती धूळ वेगळीच. आणि आपण सगळे म्हणायचो, काकूंना पहिल्यापासून खोकला आहे. मला या गोष्टीचा खरंच राग येतो, कारण हे माहीत नव्हतं असं नाही. डॉ. पद्मावती, आपल्या देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ, त्यांनी दिल्लीत फुफ्फुसामुळे हृदयाची उजवी बाजू बिघडलेले पेशंट तपासले आणि १९५९ साली लिहून ठेवलं की बायका फारशा ओढत नाहीत तरी त्यांना हा आजार पुरुषांइतकाच होतोय, आणि बोट दाखवलं ते स्वयंपाकघरातल्या धुराकडे. त्यानंतर किती पिढ्या चुलीपुढं बसल्या. अजूनही बिडी-सिगरेट नाही म्हटल्यावर म्हाताऱ्या बाईला कुणी फुंकायला लावतच नाही, एक्स-रे क्लिअर आहे म्हणून खोकल्याचं औषध देऊन घरी पाठवतात. काकूंची टेस्ट झाली हेच मला चांगलं वाटलं.

आणि आता जे तुला करता येतं ते. गेलेली एफईव्ही-१ परत येत नाही, पण पुढची घसरण कमी करता येते. लंडनमधल्या पुरुषांवरून फ्लेचर आणि पेटो यांनी १९७७ साली हे दाखवलं की सिगरेट सोडली की घसरणीचा वेग पुन्हा न ओढणाऱ्याच्या जवळ येतो. धुराचंही तसंच आहे, दक्षिण चीनच्या खेड्यांत बायोगॅस दिला आणि स्वयंपाकघरातली हवा खेळती केली, लोकांना नऊ वर्षं तपासत राहिले, तर ज्यांच्या घरी बदल झाला त्यांची एफईव्ही-१ हळू कमी झाली.

तू म्हणशील आमच्याकडे गॅस आहेच. आहे, पण भाकरी चुलीवरच लागते ना अजून? आणि अंगणातला बंब? रोज पहाटे उठून काकूच पेटवतात तो. पहिला तो बंद कर, गिझर नाहीतर सोलर बसव. भाकरी गॅसवर चवीला कमी लागली तर लागू दे, तायडीला आणि तुझ्या बाबांना स्पष्ट सांग. डास पळवायची कॉइलही नको, मच्छरदाणी लाव.

पंपाला, म्हणजे इन्हेलरला, घाबरू नका. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, हे गावात सगळेच बोलतील, तसं काही नाहीये. पण पंप चुकीचा ओढला तर औषध जिभेवर बसतं आणि फुफ्फुसात काही जात नाही, मी बघतो ना, वर्षानुवर्षं पंप घेणारी माणसंही चुकीचा ओढतात. स्पेसर, म्हणजे पंपाला लावायची प्लॅस्टिकची नळी, आण, काकूंना सोपा जाईल. ओढल्यावर चूळ भरायची. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचं डॉक्टरांना विचार, कारण या लोकांना आडवं करतं ते एखादं साधं इन्फेक्शन. आणि काकूंना बसवून ठेवू नका! "आई तू आराम कर" हे प्रेमानं केलेलं नुकसान आहे. रोज थोडं चालायचं, दम लागला की थांबायचं, परत चालायचं. ओठ शिट्टीसारखे करून श्वास सावकाश सोडायला शिकव, त्यानं धाप लवकर बसते. ताटात डाळ, अंडी, दूध वाढव, वजन कमी होऊ देऊ नकोस.

ऑक्सिजनचं मशीन विकत घ्यायची घाई नको. रक्तातला ऑक्सिजन बसल्या जागी ८८ टक्के किंवा त्याखाली राहत असेल तर घरचा ऑक्सिजन आयुष्य वाढवतो, हे १९८०-८१ च्या अभ्यासांनी दाखवलंय, पण काकूंचा ९५ आहे असं तूच लिहिलंयस. त्यांना त्याची गरज नाही.

रिपोर्टची दोन्ही पानं नीट उजेडात फोटो काढून पाठव, ग्राफ असलेलं पान विसरू नकोस, त्याच्यावरून कळेल फुंकर पुरती होती की काकूंनी मधेच सोडली. पंप देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकवलं होतं का तेही बघ. एफईव्ही-१ आणि एफव्हीसीचं (म्हणजे पूर्ण फुंकरीत मिळून बाहेर आलेल्या हवेचं) गुणोत्तर तू ०.६१ लिहिलंयस, ते पंपानंतरच्या दुसऱ्या फुंकरीचं असेल तर श्वासनळ्यांत अडथळा पक्का धरायचा. लहानपणी टीबी झाला होता का हे काकूंना विचार, डॉक्टर ते विचारतीलच.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल लाव, काकूंना समोर बसव, पंप कसा ओढायचा ते मी स्वतः दाखवतो. बंबाचंही मीच बोलतो त्यांच्याशी, तुझं ऐकणार नाहीत त्या.

तुझा,
संज्या