आपल्याच सर्व्हिस सेंटरमधून डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला मिळाल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग
प्रत माहितीसाठी: मा. प्रमुख, पर्यावरण विभाग

महोदय,

मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक शेतकरी आणि आपल्या कंपनीचा ग्राहक. आपली डिझेल गाडी मी घेतली ती बीएस-६, म्हणजे धुरावरच्या नव्या कडक मानकांची आहे म्हणून. शोरूममधल्या मुलाने सगळ्यात जास्त वेळ त्याच गोष्टीवर घालवला होता. सायलेन्सरला पांढरा रुमाल लावा, काळा होणार नाही, असे त्याचे शब्द होते. घरी आईला दमा आहे आणि गाडी ओट्याला लागूनच उभी राहते, म्हणून मला ते महत्त्वाचे वाटले. जास्तीचे पैसे मोजताना हात आखडता घेतला नाही.

त्याच गाडीतला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून टाका असे मला आपल्याच अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सांगण्यात आले. माझी मुख्य तक्रार ही आहे. बिलाची तक्रारही आहे, पण ती दुसऱ्या क्रमांकावर.

झाले असे. गाडी घेतल्यावर काही महिन्यांतच मीटरवर पिवळी लाईट लागली. सर्व्हिस सेंटरचे म्हणणे पडले, "भुसावळ-जळगाव हायवेला एक फेरी मारून या, लाईट जाईल." गेली. पुन्हा लागली. पुन्हा हायवे. नंतर एकदा पिकअपच गेला, गाडी ओढेना. स्कॅनर लावून उभ्या गाडीत रीजनरेशन, म्हणजे फिल्टरमधली काजळी जाळण्याचे काम, करावे लागले आणि त्याचे पैसे माझ्याकडून घेतले. ऑईलची पट्टी काढून पाहिली तर पातळी खुणेच्या वर चढलेली. फिल्टर साफ करण्यासाठी जादा सोडलेले डिझेल ऑईलमध्ये उतरते, हे मला तिथे पहिल्यांदा कळले. ऑईल वेळेआधी बदलले, त्याचेही बिल माझ्याच नावावर. वॉरंटीत बसत नाही, कारण "वापर चुकीचा आहे".

माझा वापर चुकीचा नाही. तो आमच्या भागातला सर्वसाधारण वापर आहे. घरून मळ्यात, मळ्यातून फैजपूरला बँकेत किंवा कृषी केंद्रात, तिथून परत. इंजिन नीट तापायच्या आत गाडी बंद होते. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर केळीचे ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांच्यामधून एका वेगाने गाडी चालवता येते असे कुणी म्हणत असेल, तर त्याने कटाईच्या दिवसांत रावेर ते यावल एकदा येऊन बघावे. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागते आणि त्यासाठी पंधरा-वीस मिनिटे गाडी एका लयीत पळावी लागते. ती पळाली नाही तर काजळी साठत जाते. हे आपल्या अभियंत्यांना गाडी बाजारात आणण्याआधीपासून ठाऊक आहे. मग विकताना "तुमचे रोजचे धावणे किती?" एवढा एक प्रश्न का विचारला जात नाही? विचारला असता तर मी त्याच शोरूममधली पेट्रोलची किंवा सीएनजीची गाडी घेतली असती. वापराच्या पुस्तिकेत ही माहिती आहे, पण इंग्रजीत, मधल्या कुठल्याशा पानावर. आमच्याकडे ती पुस्तिका प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर काढणारे किती, हे आपणही जाणता.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या वेळी गाडी घेऊन गेलो तेव्हा तिथल्या एका माणसाने मला बाजूला घेतले. शहरात ओळखीचा एक जण आहे, तो फिल्टर आतून पोकळ करून देतो, गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्राम टाकतो, मग लाईट कधीच लागत नाही, ॲव्हरेजही वाढतो. मी पीयूसीचे विचारले. तो म्हणाला, "पीयूसीत काही निघत नाही भाऊ, बिनधास्त राहा."

त्याचे हे शेवटचे वाक्य बऱ्याच अंशी खरे आहे, आणि म्हणूनच मी हे पत्र लिहितो आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत ॲक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा मोजतात. नव्या इंजिनाचा धूर फिल्टर नसतानाही डोळ्यांना फारसा काळा दिसत नाही. बारीक कण मात्र बाहेर पडतच असतात आणि दाटपणा मोजणाऱ्या यंत्राला ते धड दिसत नाहीत. याच कारणाने नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ पासून गाड्यांच्या तपासणीत कणांची संख्या मोजायला सुरुवात केली. आपल्याकडे ती सोय नाही. म्हणजे फिल्टर जागेवर राहिला की नाही, हे पाहणारी शेवटची नजर सर्व्हिस सेंटरचीच. तिथलाच माणूस फिल्टर काढायचा रस्ता दाखवत असेल तर पुढे अडवणारे कोणी उरत नाही.

बीएस-४ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली आणि कणांच्या संख्येवरही पहिल्यांदाच मर्यादा आली. त्यासाठी देशभरातल्या रिफायनऱ्यांनी डिझेलमधले गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० पीपीएमवर आणले. एवढा सगळा खर्च शेवटी ग्राहकानेच दिला, आणि तो योग्य कारणासाठी होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला २०१२ मध्येच माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहे. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या राखेबद्दल आमच्या पट्ट्यातले लोक वर्षानुवर्षे बोलत आले आहेत. काजळी आणि राख म्हणजे काय, ते आम्हाला कुणी शिकवायला नको. निदान स्वतःच्या ओट्यावर ती नको, एवढेच माझे म्हणणे होते.

मी त्या माणसाला नकार दिला. पण माझ्यासारखाच वैतागलेला दुसरा शेतकरी, ज्याची गाडी भर लग्नसराईत रस्त्यात बसली, तो नकार देईलच असे नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. आपण त्याला कात्रीत पकडले आहे. एकीकडे दर काही आठवड्यांनी हायवेची फेरी आणि बिल, दुसरीकडे एकदाच पैसे देऊन सुटका. ती हायवेची फेरी तरी कसली? जायचे कुठेच नसते, फिल्टर तापवण्यासाठी नुसते डिझेल जाळायचे. एक लिटर डिझेल जळाले की अडीच किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

आपला पर्यावरण अहवाल मी वाचला. कारखान्याच्या छतावरचे सौर पॅनेल, पाण्याचा पुनर्वापर, लावलेली झाडे, पर्यावरण व्यवस्थापनाच्या आयएसओ १४००१ या मानकाचे प्रमाणपत्र, सगळे त्यात आहे आणि ते चांगलेच आहे. पण मोटार कंपनीच्या वाट्याच्या एकूण कार्बनचा मोठा भाग कारखान्यात तयार होत नाही, तो विकलेल्या गाड्या रस्त्यावर धावताना तयार होतो. आयएसओ १४००१ ची २०१५ ची आवृत्तीसुद्धा वस्तूच्या पूर्ण आयुष्याचा विचार करा असे सांगते. फैजपूरच्या रस्त्यावर धावणारी माझी गाडी त्या आयुष्यात येते. अहवालात तिच्याबद्दल एक ओळ मला सापडली नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात लिहितो. कंपनीने नोंदवलेल्या रचनेत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते. प्रदूषणाची मानके मोडल्यास कलम १९०(२) नुसार दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिक्षा गाडीमालकाला, सल्ला देणारा नामानिराळा. याच कायद्यातल्या कलम ११०अ नुसार पर्यावरणाला अपाय करणाऱ्या दोषासाठी गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते, हेही आपल्या विधी विभागाला माहीत असेलच.

माझ्या मागण्या. रीजनरेशनचे आणि वेळेआधी बदललेल्या ऑईलचे पैसे परत करावेत. बिलांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. फिल्टर काढण्याचा सल्ला देणे किंवा त्यासाठी कुणाकडे पाठवणे बंद करावे, असा लेखी आदेश सगळ्या सर्व्हिस सेंटरना जावा, आणि गाडी सर्व्हिसिंगला आली की फिल्टर जागेवर आहे की नाही हे तपासून जॉब कार्डवर लिहावे. त्या माणसाची नोकरी जावी अशी माझी इच्छा नाही. त्याच्याकडे ग्राहकाला द्यायला दुसरा उपाय नव्हता, आणि तो उपाय देणे आपले काम आहे. डिझेल गाडी विकण्याआधी ग्राहकाचे रोजचे धावणे विचारून, डीपीएफची माहिती मराठीत एका पानावर देऊन त्यावर सही घ्यावी. कमी धावणाऱ्याला डिझेल विकूच नये, मग महिन्याचे टार्गेट हुकले तरी चालेल.

आणखी एक. इलेक्ट्रिक गाडीची चौकशी मी केली होती. माझ्या धावण्याला ती सगळ्यात सोयीची, मळ्यावर सौर पंपही आहे. पण जळगाव जिल्ह्यात ती दुरुस्त करणारा शिकलेला माणूस सध्या आपल्याकडे नाही, असे उत्तर मिळाले. ४५ अंशांच्या उन्हात बॅटरी कशी टिकते, याचेही उत्तर कुणाला देता आले नाही. स्वच्छ गाड्या पुण्या-मुंबईपुरत्या ठेवणार आहात की खान्देशातही आणणार, आणि आणणार तर कधी, हे लेखी कळवावे.

तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर आणि त्यानंतर जळगावच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी तक्रार नोंदवणार आहे. फोनवरून "सर, तुमची तक्रार बंद केली आहे" असा निरोप मी उत्तर म्हणून धरणार नाही.

आपला ग्राहक,
तालुका यावल, जिल्हा जळगाव

सोबत: गाडीच्या नोंदणीची, सर्व्हिस बिलांची व जॉब कार्डांची छायाप्रत