बाबा, कागद पाठवतेय

प्रिय आई-बाबा,

आई काल फोनवर म्हणाली की बाबांनी ईझल (चित्राचा स्टँड) मिटून मागच्या मांगरात, त्या खोपटात ठेवला आणि रंगांच्या ट्यूब शेजारच्या मुलाला देऊन टाकायचं चाललंय. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर बोलायला गेलं की बाबा "बरं बरं" म्हणून लगेच फोन आईकडे देतात म्हणून लिहितेय. आई, तू हे मोठ्याने वाचून दाखव त्यांना.

बाबा, खांदा वर जात नाही हे खरंच आहे. चार-पाच फुटी कॅनव्हाससमोर तासन् तास उभं राहून रोलर फिरवणं आता नकोच, डॉक्टर सांगतात ते ऐका. पण मोठा कॅनव्हास संपला म्हणजे चित्रच संपलं, हे मला अजिबात पटत नाही.

चित्रकार वासुदेव गायतोंडे मला तुमच्यामुळेच माहीत झाले. आईवडील आपल्या गोव्यातले, जन्म 1924 चा नागपूरला, मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमधून 1948 ला डिप्लोमा, 1964 ला फेलोशिपवर न्यूयॉर्क, 1971 ला पद्मश्री, नंतर दिल्लीत निजामुद्दीनला एकट्याने राहणं, हे सगळं जेवता जेवता तुम्हीच सांगायचात. वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे, आणि हात लावण्याआधी नुसता विचार करण्यातच बहुतेक वेळ जायचा, हे तर कितीदा. पण 1984 नंतरचं तुम्ही फारसं कधी बोलला नाहीत. त्या साली त्यांना मोठा अपघात झाला आणि पुढे काही वर्षं मोठे कॅनव्हास जमेनात, तेव्हा ते कागद आणि शाई घेऊन बसले. छोटी छोटी कामं, काळ्या खुणा आणि भोवती भरपूर मोकळा कागद. आणि मग पुन्हा तेलरंगात आले. 1995 सालचं त्यांचं एक चित्र 2015 ला मुंबईच्या लिलावात एकोणतीस कोटींच्या वर गेलं, पण भावाचं सोडा, अपघाताला दहा वर्षं उलटून गेल्यावर त्यांनी ते केलंय हे मला महत्त्वाचं वाटतं. आधीची जी कागदाची वर्षं होती ती काही वाया गेलेली नव्हती.

इथे मुंबईच्या म्युझियममध्ये जहांगीर निकल्सन गॅलरी आहे ना, त्यांच्या संग्रहात गायतोंडे आहेत, मी सुट्टीच्या दिवशी अधूनमधून जाते. त्यांच्या चित्राला समोरून बघून भागत नाही, बाजूला सरकून तिरकं बघावं लागतं, मग कळतं की वरचा पातळ थर कुठे रोलरने बसवलाय, कुठे पॅलेट नाईफने खरवडलाय आणि खालचा रंग तिथून वर आलाय. हे बघायला तुम्हीच शिकवलंत. माझ्याकडे तुमचं जे चिऱ्याच्या रंगाचं चित्र आहे त्यात उजवीकडे खाली, राखाडी-हिरव्या थराच्या आत, छापील "त" उलटा दिसतो. ओल्या रंगावर पेपरचे फाडलेले तुकडे दाबून तुम्ही ते उचलायचात, तेव्हाच ती शाई उतरली असणार. पाहुणे चित्र बघतात, "त" कुणालाच सापडत नाही, मी दाखवला की मग सगळे जवळ येतात.

आणि ते तुमचं पावसातलं थांबणं. जून ते सप्टेंबर थर वाळायचाच नाही. तेलरंग पाणी उडून वाळत नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, ओल्या हवेत ते फारच सावकाश होतं, आणि खालचा थर टर्पेंटाईनचा पातळ, वरचा तेलकट, नाहीतर पुढे तडे जातात, हे सगळं मी तिथेच जमिनीवर बसून शिकले. चवथीच्या आधी गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान आणि टर्पेंटाईनचा वास एकाच घरात, आई चिडायची. पण चित्र झालं की नाही हे मात्र तिलाच विचारायचात, आणि "अजून नाही" म्हणाली की तुम्ही निमूट परत आत. शाळेतली नोकरी, आमचं शिक्षण, आजीचं आजारपण, ह्या सगळ्यात पहाटेचं ते काम कधी सुटलं नाही बाबा. म्हणून आता सुटलेलं मला सहन होत नाही.

तर पार्सल पाठवलंय. कॉटनचा जाड कागद, वहीच्या पानाएवढा कापून घेतलाय. काळी शाई वॉटरप्रूफ आहे, एकदा वाळली की वरून दुसरा हात दिला तरी खालची विरघळत नाही, म्हणजे थरावर थर देता येतील आणि आठवडेच्या आठवडे थांबायला नको. रबराचा छोटा रोलर आहे. जेवणाच्या टेबलावर कोपर टेकून बसलात की खांदा उचलावाच लागणार नाही, फिजिओथेरपिस्टला मी विचारून घेतलंय, रोज थोडा थोडा वेळ चालेल म्हणाली. झालेले कागद चिऱ्याच्या भिंतीला लागून ठेवू नका, ओल येते आणि बुरशी धरते, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, त्यापण पाठवल्यात.

ट्यूब कुणाला देऊ नका, चवथीला आले की आपण बघू.

आई, पहिला कागद वाळला की व्हॉट्सॲपवर फोटो टाक. आणि झालाय की नाही ते आधी तू त्यांना सांग, मग मला.

तुमची,
मनू