जिभेवरचा पांढरा थर आणि तीन आठवड्यांची डोकेदुखी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कपाशीच्या वेचणीचे दिवस होते. माझे चुलत दीर तोंड आलं म्हणून माझ्याकडे आले. जिभेवर, टाळूला आणि गालाच्या आतून दह्याच्या कवडीसारखे पांढरे चट्टे होते. कापसाच्या बोळ्यानं पुसलं तर थर निघाला आणि खालची जागा लालभडक दिसली. घास गिळताना छातीत टोचतं, असंही ते म्हणाले. मी आयुष्यभर आरोग्य सेविकेची नोकरी केली, तरी त्या दिवशी मीही उष्णताच समजले आणि जाईचा पाला चावायला सांगितला. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

त्यांना एचआयव्ही होता. घरात फक्त बायकोला ठाऊक होतं. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणाऱ्या गोळ्यांनी तब्येत इतकी सुधारली होती की जिनिंगमध्ये हमाली करत होते. पण गोळ्या आणायला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि दिवसाची मजुरी, दोन्ही जायचं. एक खेप चुकली, मग दुसरी, आणि शेवटी गोळ्या सुटल्याच. तोंडातली ती बुरशी, म्हणजे कॅन्डिडा, शरीराची ताकद खचल्याची पहिली वर्दी होती. मधुमेहात किंवा फार अँटिबायोटिक घेतल्यावरही असा थर येतो, हे खरं. पण धडधाकट दिसणाऱ्या तरुण माणसाच्या तोंडात तो दिसला आणि गिळताना दुखू लागलं, तर एचआयव्हीची तपासणी झालीच पाहिजे.

नंतर डोकं दुखायला लागलं. "वहिनी, डोक्यात कोनी घन मारते असं वाट्टे," म्हणायचे. गावाजवळच्या एका दवाखान्यात आधी पित्त सांगितलं, मग टायफॉइड, सलाईन लागल्या. तीन आठवडे यातच गेले. गोळ्या सुटल्याचं त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. एका पहाटे उलट्या सुरू झाल्या, एकाचे दोन दिसू लागले, तेव्हा गाडी करून जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. सीडी-४ पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पेशी, निघाल्या फक्त ३५.

तिथल्या डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढायचं म्हणताच आमच्याच लोकांनी गलका केला. "पाठीतलं पानी काढलं तं मानूस लुळा होते," असं सासूबाई रडत सांगत होत्या. अर्धा दिवस त्यात गेला. शेवटी त्यांच्या बायकोनं अंगठा दिला. ते पाणी शाईत मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काळ्या पार्श्वभूमीवर बुरशीच्या पेशीभोवती पांढरं कडं दिसतं. हा क्रिप्टोकॉकस नावाच्या दुसऱ्याच बुरशीचा मेंदूज्वर. पाणी काढल्यावर डोक्यातला दाब उतरला आणि इतक्या दिवसांनी ते तासभर शांत झोपले. दाब वाढेल तसं हे पाणी पुन्हा पुन्हा काढावं लागतं, त्यानंच जीव वाचतो. यानं कोणी लुळं होत नाही, हे खेड्यातल्या प्रत्येक घरी कोणीतरी जाऊन सांगायला हवं.

ही बुरशी मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत असते आणि श्वासावाटे आत जाते. माणसाकडून माणसाला लागत नाही. तरी परत आल्यावर त्यांचं ताट-पेला वेगळा ठेवला गेला, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं.

यावरचं औषध आपल्याला नवीन नाही. २०२१मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीचे रुग्ण वाढले, तेव्हा ज्या ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक वणवण फिरत होते, तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२मध्ये यासाठी सोपी पद्धत सांगितली: लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनचा एकच मोठा डोस, सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल ही बुरशीवरचीच औषधं. त्याच वर्षी या बुरशीला सर्वांत घातक गटात टाकलं.

पण मला जास्त बोलायचं आहे ते त्याआधीच्या पायरीबद्दल. सीडी-४ २००च्या खाली गेला की आजार पुढच्या टप्प्यावर पोहोचला असं धरतात. १००च्या खाली असेल तर डोकं दुखायची वाट न बघता रक्ताची क्रिप्टोकॉकल अँटिजेन तपासणी, म्हणजे रक्तात या बुरशीचा अंश आहे का ते बघणारी तपासणी, करावी, असा नियम आहे. पट्टीवर रक्ताचा थेंब, दहा मिनिटांत निकाल. बुरशी रक्तात सापडली आणि मेंदूत पोहोचलेली नसली, तर फ्लुकोनॅझोलच्या साध्या गोळ्यांनी मेंदूज्वर टाळता येतो. माझ्या दिरांचं तोंड आलं त्याच दिवशी ही पट्टी तालुक्याला मिळाली असती तर?

म्हणून आरोग्य विभागाला माझी विनंती आहे. ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही तपासणी आणि समुपदेशन केंद्रात, ही पट्टी ठेवा आणि सीडी-४चा निकाल त्याच दिवशी मिळेल असं बघा. ॲम्फोटेरिसिन आणि फ्लुसायटोसिन जिल्ह्याच्या साठ्यात कायम असू द्या. गोळ्या सुटलेल्या माणसाला रागावू नका, नाहीतर तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही. आणि गोळ्या सुटलेल्यांनो, परत या, औषध २००४पासून सरकारी केंद्रात मोफत आहे. फक्त डोकं दुखत असेल तर घरातल्या जुन्या गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा, कारण मेंदूज्वर असताना एआरटी लगेच सुरू केली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टर ती चार ते सहा आठवडे थांबून देतात. विचारायला लाज वाटत असेल तर १०९७वर फोन करा, पैसे लागत नाहीत.

दीर वाचले, पण डोळे अधू झाले. यंदा वेचणीला बायकोसोबत जातात आणि बोंड हातानं चाचपून कापूस काढतात. त्यांनीच मला हे लिहायला सांगितलं, मात्र नाव टाकू नका म्हणाले. कोणाचा एचआयव्ही त्याच्या संमतीशिवाय उघड करायचा नाही, असा २०१७चा कायदाही आहे, म्हणून माझंही नाव छापू नये. आमच्या भागातल्या ज्या आशाताईंना बॅटरी घेऊन तोंडातला हा थर कसा ओळखायचा ते बघायचं असेल, त्यांना शिकवायला मी कधीही तयार आहे.

– एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. यवतमाळ