सूचना : चिनी भूतकथांच्या नोंदी आणि पुढची बैठक

नमस्कार मंडळी,

चिनी पंचांगाचा सातवा महिना, म्हणजे भुतांचा महिना, जवळ आला आहे. त्याच्या पंधराव्या दिवशी तिकडे पितरांसाठी, आणि ज्यांना कोणी वाली नाही अशा मृतात्म्यांसाठीही, अन्न ठेवतात, कागदी पैसे जाळतात. त्याच संध्याकाळी नेहमीच्या वेळी आपली बैठक होईल. कथा मूलियनची. प्रेतयोनीत उपाशी तळमळणाऱ्या आईला सोडवणारा हा भिक्खू म्हणजे बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन.

कथा पाठवणाऱ्यांना कळकळीची विनंती : ती कोणाकडून ऐकली, कुठल्या भागातली, कुठल्या बोलीतली, हे लिहाच. शेवट तुटका असेल तर तुटकाच राहू द्या, पदरचं काही घालू नका. एकाच कथेची दोन रूपं मिळाली तर दोन्ही वेगवेगळी ठेवा. चीनमधल्या शानडोंग प्रांतातला लेखक पु सोंगलिंग (१६४०–१७१५) याच्या भुतांच्या आणि कोल्हिणींच्या कथा तो गेल्यावरही अर्धशतक हाताने उतरवलेल्या नकलांतूनच फिरत होत्या. छापील आवृत्ती १७६६ साली निघाली. त्या नकला करणाऱ्यांचं ऋण फार मोठं आहे.

सांगणाऱ्याची परवानगी नसेल तर त्याचं नाव देऊ नका. नोंदी बैठकीच्या आधीच्या रविवारपर्यंत पाठवा.