दुसरी बॅचलर्स: फी भरण्याआधी विचारायचे प्रश्न

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी शिक्षणाविषयीचे बहुतेक लेखन मास्टर्सभोवती फिरते. पण एक पदवी हाती असताना विषय बदलण्यासाठी पुन्हा बॅचलर्सलाच प्रवेश घेऊ पाहणारे विद्यार्थीही असतात. कुणी वाणिज्य शाखेतून कॉम्प्युटर सायन्सकडे वळते, कुणी जीवशास्त्रातून नर्सिंगकडे. प्रवेशाचे पत्र आले की काम झाले, असे त्यांना सांगितले जाते. प्रत्यक्षात घोळ होतो तो जुन्या पदवीच्या मूल्यमापनात आणि शिक्षण संपल्यावर काम करण्याच्या परवानगीत. या दोन्हींची उत्तरे पैसे भरण्याआधी मिळवता येतात, म्हणून हे पत्र. यातला बराचसा तपशील अमेरिकेचा आहे.

अमेरिकेत सगळी विद्यापीठे दुसऱ्या बॅचलर्ससाठी प्रवेश देत नाहीत. सरकारी विद्यापीठांत पहिली पदवी घेणाऱ्यांना प्राधान्य असते. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या अनेक कॅम्पसवर दुसऱ्या पदवीचे प्रवेश बंद तरी असतात किंवा नर्सिंगसारख्या मोजक्या विषयांपुरते. त्यामुळे विषयाची यादी बघण्याआधी 'सेकंड बॅकलॉरिएट' किंवा 'पोस्ट-बॅक' या गटात आंतरराष्ट्रीय विद्यार्थी घेतात का, हे पाहावे. अर्जही त्याच गटातून करावा. जुनी पदवी लपवून बारावीनंतरचा नवा विद्यार्थी म्हणून अर्ज भरण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो धोकादायक आहे. असा प्रवेश पुढे कधीही रद्द होऊ शकतो. व्हिसाच्या अर्जातही आधीचे शिक्षण विचारतात आणि तिथे जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचे ठरले, तर कायमची प्रवेशबंदी लागू शकते.

आता क्रेडिटचा, म्हणजे प्रत्येक विषयाला दिलेल्या गुणभाराचा प्रश्न. पहिली पदवी अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची मानली गेली, तर इंग्रजी लेखन, इतिहास, समाजशास्त्र असे सर्वांना सक्तीचे विषय बहुतेक ठिकाणी माफ होतात. त्याच विद्यापीठात किमान ३० सेमिस्टर क्रेडिट पूर्ण करा, अशी अट सर्रास आढळते. इथेच हिशेब चुकतो. ३० क्रेडिट म्हणजे दोन सत्रे, एका वर्षात पदवी, असे वाटते. पण कॉम्प्युटर सायन्समध्ये प्रोग्रामिंगच्या पहिल्या पेपरशिवाय दुसरा घेता येत नाही, दुसऱ्याशिवाय डेटा स्ट्रक्चर्स नाही आणि त्याशिवाय अल्गोरिदम किंवा ऑपरेटिंग सिस्टिम नाही. ही साखळीच चार सत्रांची होते, मग एकूण क्रेडिट कितीही कमी असोत. एखादा पेपर वर्षातून एकदाच शिकवला जात असेल तर आणखी एक सत्र वाढते, आणि त्याबरोबर फी व राहण्याचा खर्चही.

साखळीचा दुसरा काच व्हिसाच्या बाजूने बसतो. एफ-१ या अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसावर बॅचलर्सच्या विद्यार्थ्याला दर सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. पूर्वअटींमुळे एखाद्या सत्रात कामाचे दोनच पेपर उपलब्ध असतील, तरी उरलेली क्रेडिट नको असलेल्या विषयांनी भरावी लागतात. पूर्णवेळ शिक्षणाच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन पेपर, म्हणजे जास्तीत जास्त तीन क्रेडिट, धरले जातात. शेवटच्या सत्रात कमी विषय उरले तर सवलत मिळते, पण तीही विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अधिकाऱ्याची आगाऊ परवानगी घेऊनच. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देते ते प्रमाणपत्र) मिळतच नाही. ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीचा कॉम्प्युटर सायन्सचा पोस्ट-बॅक अभ्यासक्रम प्रसिद्ध आहे आणि ६० क्वार्टर क्रेडिटचा, म्हणजे सुमारे ४० सेमिस्टर क्रेडिटचा आहे, पण त्याचे ऑनलाइन रूप घरी बसून शिकण्यासाठी आहे, एफ-१साठी नाही.

जुन्या पदवीचे मूल्यमापन करून घेताना अहवाल 'कोर्स-बाय-कोर्स', म्हणजे प्रत्येक विषय स्वतंत्र दाखवणारा हवा. पदवी खरी आहे एवढेच सांगणारा स्वस्त अहवाल क्रेडिट मिळवायला उपयोगी पडत नाही. विद्यापीठ कोणत्या संस्थेचा अहवाल स्वीकारते, हे आधी विचारावे. बहुतेकांना नेसेस या मूल्यमापन संस्थांच्या संघटनेची सदस्य संस्था चालते. अहवाल आला तरी विषय माफ करायचा की नाही हे विभाग ठरवतो आणि त्यासाठी त्या-त्या वर्षाचा अभ्यासक्रम, तासांची संख्या आणि पाठ्यपुस्तकांची नावे मागतो. ही कागदपत्रे जुन्या महाविद्यालयातून शिक्क्यासह आधीच काढून ठेवावीत. परदेशातून ती मिळवणे फार जड जाते.

तीन वर्षांच्या पदवीचा मुद्दा स्वतंत्र आहे. काही विद्यापीठे ती पूर्ण बॅचलर्स धरतात, काही धरत नाहीत. धरली नाही तर विद्यार्थी 'ट्रान्सफर' गटात जातो. त्याला सक्तीचे विषय करावे लागू शकतात, पण दुसऱ्या पदवीवरचे निर्बंध लागत नाहीत. म्हणजे दुसऱ्या पदवीचे दार बंद असलेल्या ठिकाणीही त्याला वाट मिळू शकते.

व्हिसाच्या नियमांत आधीच्याच पातळीवरची पदवी घ्यायला सरसकट मनाई नाही. आय-२०, पहिल्या वर्षाच्या पूर्ण खर्चाचा पुरावा आणि ३५० डॉलरची सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) हे सगळ्यांसारखेच. मुलाखतीत मात्र 'पुन्हा बॅचलर्स का?' हा प्रश्न येणार हे धरूनच चालावे. 'मला आवड आहे' हे उत्तर पुरेसे नाही. अमुक क्षेत्रासाठी अमुक विषय लागतात, ते आधीच्या पदवीत नव्हते, मास्टर्सला त्यामुळे थेट प्रवेश मिळत नाही आणि पदवीनंतर हा बेत आहे, असे कागदांशी जुळणारे उत्तर हवे.

सगळ्यात महागात पडणारे अज्ञान ओपीटीबद्दलचे आहे. ही १२ महिन्यांची काम करण्याची परवानगी प्रत्येक वरच्या शैक्षणिक पातळीला एकदा मिळते. पहिली पदवी अमेरिकेबाहेर घेतली असेल, तर अमेरिकेतल्या बॅचलर्सनंतर ती मिळू शकते. पण अमेरिकेतच आधी बॅचलर्स करून ओपीटी वापरली असेल, तर दुसऱ्या बॅचलर्सवर नवी मिळत नाही. मास्टर्सवर वापरून मग खाली बॅचलर्सला आले, तरीही नाही. शिक्षण चालू असताना १२ महिने किंवा अधिक पूर्णवेळ सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेले काम) केली, तर त्या पातळीची ओपीटी जाते. स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांसाठी ओपीटीला मिळणारी २४ महिन्यांची वाढ अभ्यासक्रमाच्या सांकेतिक क्रमांकावर ठरते, नावावर नाही. तो क्रमांक आय-२०वर छापलेला असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा विभागाने नियमबदलाचा प्रस्ताव मांडला. अमेरिकेत एक पदवी पूर्ण केलेल्या एफ-१ विद्यार्थ्याला पुढे फक्त वरच्या पातळीचाच अभ्यासक्रम घेऊ द्यावा, असे त्यात आहे. तिथेच शिकलेल्यांनी अर्ज करण्याच्या दिवशी या प्रस्तावाचे काय झाले, हे तपासलेच पाहिजे.

इतर देशांत बंधने वेगळ्या जागी आहेत. ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर पदवी पातळीच्या शिक्षणाला साधारण पाच वर्षांची मर्यादा आहे. वैद्यकीय, आर्किटेक्चर अशा काही विषयांना सूट आहे. तिथे राहून त्याच पातळीचा दुसरा अभ्यासक्रम घ्यायचा तर तो आधीच्या शिक्षणाशी किंवा करिअरच्या उद्दिष्टाशी कसा जोडलेला आहे, हे विद्यापीठाने मान्य करावे लागते. तिथला ग्रॅज्युएट व्हिसा आणि कॅनडाचे शिक्षणोत्तर वर्क परमिट, दोन्ही आयुष्यात एकदाच मिळतात.

पैशांचेही स्पष्ट सांगायला हवे. अमेरिकेची केंद्रीय शिक्षणमदत विद्यार्थी व्हिसावरच्यांना मिळत नाही, बॅचलर्सच्या अनेक शिष्यवृत्त्या पहिल्या पदवीपुरत्याच असतात आणि असिस्टंटशिप (विद्यापीठात काम करून मिळणारी मदत) बहुतांशी मास्टर्स व पीएचडीसाठी. म्हणून नुसता विषय बदलायचा असेल, तर इतर शाखांच्या पदवीधरांना घेणारे मास्टर्स आधी शोधावेत, असे माझे ठाम मत आहे. दुसरी बॅचलर्स योग्य ठरते ती परवान्यासाठी तीच पदवी लागते तिथे. नर्सिंग हे त्याचे उत्तम उदाहरण. पदवीधरांसाठीचा वेगवान बीएसएन (नर्सिंगची बॅचलर्स) साधारण १२ ते १८ महिन्यांचा असतो, पण शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय प्रयोगशाळेसह आणि संख्याशास्त्र आधी झालेले लागतात, आणि ते फार जुने असतील तर अनेक महाविद्यालये पुन्हा करायला लावतात. नंतर एनक्लेक्स-आरएन ही नर्सिंग परवान्याची परीक्षा आणि राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा परवाना लागतो तो वेगळाच.

विद्यापीठाला ईमेल करताना प्रश्न योग्य व्यक्तीकडे जायला हवा. दुसऱ्या पदवीला प्रवेश आहे का, हे प्रवेश कार्यालय सांगेल. कोणते विषय माफ होतील आणि साखळी किती सत्रांची, हे विभागाचा सल्लागार सांगेल. त्याच्याकडून सत्रवार आराखडा मागून घ्यावा. आय-२०ची मुदत आणि ओपीटी हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचे काम. तिन्ही उत्तरे लेखी येईपर्यंत डिपॉझिट भरू नये. प्रवेशासाठी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थांनीही ही तीन उत्तरे विद्यार्थ्याच्या हाती ठेवल्याशिवाय स्वतःची फी घेऊ नये, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला नम्र,
एक वाचक