चौदा दिवसांत ठरलेली सुरक्षितता

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला, युरिक ॲसिड कमी करणाऱ्या वनस्पतीवरचा लेख वाचला. ‘किलोमागे २००० मिलिग्रॅम अर्क देऊनही एकही उंदीर दगावला नाही’ हे वाक्य त्यात ठळक चौकटीत आहे. औषधांच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात माझी ३१ वर्षे गेली. त्या चौकटीमागचे काम मी माझ्या हातांनी केले आहे, म्हणून लिहितो.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलेल्या ४२३ क्रमांकाच्या चाचणी-पद्धतीत एका टप्प्याला ३ प्राणी लागतात, बहुधा माद्या. रात्रभर उपाशी ठेवायचे, सकाळी वजन करायचे आणि बोथट टोकाच्या नळीने अर्क एकदाच पोटात सोडायचा. मग १४ दिवस रोज पिंजऱ्यापाशी उभे राहायचे. केस विस्कटलेत का, पाठ वर काढून कोपऱ्यात बसलीय का, डोळ्यांभोवती तांबूस स्राव आहे का, हे टिपायचे. यातून अर्क लगेच जीव घेत नाही एवढेच कळते. रोज घेतला तर काय होईल, ते २८ आणि ९० दिवसांच्या चाचण्यांत दिसते. त्यांच्या शेवटी यकृताचे, मूत्रपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली जातात. लेखात त्यांचा उल्लेखही नाही, आणि युरिक ॲसिडचा रुग्ण तर औषध वर्षानुवर्षे घेतो!

‘युरिक ॲसिड घटले’ हेही जरा नीट पाहायला हवे. उंदराच्या शरीरात युरिकेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि ते युरिक ॲसिडचे ॲलँटॉइन करून टाकते. माणसाकडे ते नाही. म्हणून उंदराला आधी पोटॅशियम ऑक्सोनेट देऊन ते विकर अडवायचे, युरिक ॲसिड मुद्दाम चढवायचे आणि मग अर्काने ते उतरते का बघायचे. प्रयोग खोटा नाही, पण ती फक्त पहिली पायरी आहे. शिवाय उतरले कशाने? युरिक ॲसिड तयार होणेच थांबले, की लघवीवाटे जास्त बाहेर पडले? दुसरे असेल तर मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्याला ते महागात पडू शकते.

मूत्रपिंडाबद्दल मी इतका हटून का बोलतो, तेही सांगतो. शरीरातले जवळजवळ दोन तृतीयांश युरिक ॲसिड तिथूनच बाहेर पडते, आणि गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यांत साचून होणाऱ्या दुखण्याच्या, पुष्कळ रुग्णांची मूत्रपिंडे आधीच थकलेली असतात. १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या कॅप्सूलमध्ये एका चिनी वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया गेली. शंभराहून अधिक जणांची मूत्रपिंडे खराब झाली, काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. तीही वनस्पतीच होती.

माझ्या धाकट्या भावाने आपला लेख कापून ठेवला आणि ॲलोप्युरिनॉल ही युरिक ॲसिड कमी करणारी गोळी परस्पर बंद करून त्या वनस्पतीचे चूर्ण सुरू केले. गोळीवर ५.६ असलेले युरिक ॲसिड दोन महिन्यांत ९ च्या वर गेले. एका पहाटे त्याचा फोन आला. पायाच्या अंगठ्यावर चादरीचा स्पर्शही सोसवत नव्हता. ॲलोप्युरिनॉल निर्धोक आहे असे मी म्हणत नाही. काहींच्या त्वचेवर त्याची जिवावर बेतणारी प्रतिक्रिया उमटते, आणि एचएलए-बी ५८०१ हा जनुकाचा प्रकार असलेल्यांना तो धोका जास्त असतो. पण हे कळले, कारण माणसांत काय घडते याच्या नोंदी ठेवल्या गेल्या. वनौषधीच्याही तशाच ठेवायला हव्यात. मी तिच्या विरोधात नाही, ती नीट तपासली जावी एवढ्यासाठी भांडतो आहे.

अशी बातमी छापताना चार ओळी जास्त द्या: अर्क वनस्पतीच्या कोणत्या भागाचा, पाण्यातला की अल्कोहोलमधला, किती दिवस दिला, मूत्रपिंडाचे काप पाहिले का. आणि चालू गोळी स्वतःहून थांबवू नका, हे त्याच चौकटीत येऊ द्या.

भावाची गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली आहे. पुढच्या तपासणीला चूर्णाची बाटली सोबत घेऊन जा, असे मी त्याला बजावले आहे. ते चूर्ण दोन महिने घेतल्याचे त्याने डॉक्टरांना अजून सांगितलेले नाही.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ