आई-बाबा, शांतीची तारीख बदलू नका

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर आवाज तुटत होता, मागे दादाकडच्या पाहुण्यांचा गलका, त्यात माझं सांगणं अर्धवटच राहिलं, म्हणून आता सावकाश लिहितेय. बाबा, हे आईला तुम्ही वाचून दाखवा, तिचे डोळ्यात घालायचे ड्रॉप्स अजून चालू आहेत, तिने मोबाईल डोळ्यांजवळ धरून बसायचं नाही.

तुमची नात इरा एप्रिलमध्ये मिरजेला येणार नाहीये. मी येतेय, बाबांच्या शांतीच्या आधीच पोचते आणि सगळं आवरून मगच निघणार. पण तिचं तिकीट रद्द केलंय. तिच्या यूथ ऑर्केस्ट्राचं स्टुडिओ रेकॉर्डिंग नेमकं ईस्टरच्या सुट्टीत आलं आणि होकार त्याच संध्याकाळी कळवायचा होता, तिकडे तेव्हा मध्यरात्र होती. दोन कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेणारे, येतायत, दोघंही एवढे मोठे की त्यांची कॉन्सर्ट असली की महिनोन्‌महिने आधी तिकिटं संपतात. नावं अजून बाहेर सांगायची नाहीत असं मुलांना बजावलंय म्हणून मीही लिहीत नाही, आल्यावर बाबांच्या कानात सांगेन.

बाबा म्हणाले, शंभर मुलं आहेत, एक नसली तर काय अडतं. व्हायोलिनवाली असती तर मीही तेच म्हटलं असतं, ती पंचवीस-तीस असतात. ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य, ते वाजवणाऱ्या फक्त दोघी आहेत आणि पहिला ओबो इराकडे आहे. वाजवायला सुरुवात करायच्या आधी सगळा ऑर्केस्ट्रा ओबोच्या एका स्वरावर आपापली वाद्यं लावून घेतो. आपल्या सनईसारखीच त्याला दोन पात्यांची रीड असते, आणि प्रत्येकाच्या ओठांचा, श्वासाचा आवाज वेगळा निघतो. रेकॉर्डिंगमध्ये तर एकच तुकडा चार-पाचदा वाजवून घेतात, काचेपलीकडे प्रोड्यूसर स्वरलिपी समोर घेऊन बसलेला असतो, तो स्पीकरवरून सांगतो की अमक्या जागेपासून पुन्हा, आणि मग त्यातले चांगले भाग नंतर जोडतात. मधेच वाजवणारी बदलली तर तो जोड लगेच कानाला लागतो. म्हणून पहिल्या दिवशी जी मुलं, जिथे बसलेली, तीच शेवटपर्यंत तिथेच. लाल दिवा लागला की खुर्ची करकरू द्यायची नाही, पान उलटल्याचा आवाज नाही, हातात बांगडी-घड्याळ नाही, आणि शेवटचा स्वर विरला तरी दिवा विझेपर्यंत कुणी हलायचं नाही. आई, तुझी ही नात जेवताना दोन मिनिटं एका जागी बसत नाही, ती हे करते, मला बघूनच भरून येतं.

आणि बाबा, सोळा वर्षांच्या पोरांना एवढं कशाला, असं वाटत असेल तर तुमच्याच व्हायोलिनवाल्या मेन्युहिनचं सांगते. तुमच्याकडे त्यांची रविशंकरांबरोबरची रेकॉर्ड आहे ना, तेच. 1932 साली सोळा वर्षांचे असताना त्यांनी लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत संगीतकार एल्गारचा व्हायोलिन कॉन्चेर्तो, म्हणजे ऑर्केस्ट्राच्या साथीने एका व्हायोलिनसाठीची रचना, रेकॉर्ड केला, समोर कंडक्टर म्हणून खुद्द एल्गार, तेव्हा पंचाहत्तरीचे. ती रेकॉर्ड लोक आजही शोधून ऐकतात.

एवढं लांब कशाला, आमच्या लेस्टरचंच बघा. तुम्ही आला होतात तेव्हा रोज सकाळी व्हिक्टोरिया पार्कात फिरायला जायचात, त्याला लागून तो पांढरा डी मॉंटफर्ट हॉल आहे बघा. 1972 साली तिथे इथल्या शाळकरी मुलांच्या ऑर्केस्ट्राने हॅवरगल ब्रायन नावाच्या संगीतकाराच्या दोन सिम्फनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना, रेकॉर्ड केल्या. एकीला कंडक्टर होते जेम्स लॉक्रन, तेव्हाचे मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्राचे प्रमुख, आणि दुसरीला एरिक पिंकेट, ज्यांनी 1948 मध्ये हा ऑर्केस्ट्रा उभा केला. ब्रायन तेव्हा 96 वर्षांचे होते, 32 सिम्फनी लिहिलेल्या, आणि तोवर एकही बाजारात रेकॉर्ड म्हणून आलेली नव्हती. मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांनी जे केलं नाही ते शाळेतल्या मुलांनी केलं! त्याच्या आधी मायकेल टिपेटसारखा संगीतकारही ह्या मुलांबरोबर उभा राहिला, त्यांच्याकडून रेकॉर्ड करून घेतली. म्हणजे मोठ्या माणसांनी मुलांना मूल न समजता वादक समजायचं ही इथली जुनी रीत आहे, आणि मला इराला ते मिळायला हवं होतं. मी हा निर्णय घाईत घेतला असेल पण न विचार करता घेतला नाही.

बाबा, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून सतारमेकर गल्लीत न्यायचात, आठवतं? तिथले कारागीर जवारी काढायचे, म्हणजे आवाज नीट यावा म्हणून सतारीची घोडी जराशी घासायची, तार छेडायची, परत घासायची, मला कंटाळा यायचा आणि मी तुमच्या मांडीवर झोपून जायचे, तुम्ही पाय अवघडले तरी उठायचा नाहीत. इरा एकाच ओळीसाठी तासभर रीड खरवडत बसते तेव्हा मला ते जवारीचंच काम वाटतं, तुम्हाला तर माझ्याआधी कळलं असतं. आणि आई, "पोरीला आजोबांपेक्षा बाजा मोठा झाला" असं तू म्हणालीस ना, तसं नाहीये गं. तिकीट रद्द केल्याचं सांगितलं तेव्हा ती दार लावून रडली, बाहेर येऊन पहिलं काय विचारलं तर आजोबांना ओवाळताना माझ्या जागी कोण उभं राहणार. दादाची मनू उभी राहू दे, इरानेच तिला फोन करून सांगितलंय.

तिची काळजी करू नका. मुलं सगळी एकत्र राहणार, बरोबर शिक्षिका आहेत, जेवण शाकाहारी आहे, मी भडंगाचा डबा आणि मेतकूट देणारच आहे. इकडची दहावीची परीक्षा जूनमध्ये संपली की ती मिरजेला येतेय आणि सुट्टीभर तुमच्याकडे राहणार, मग तिला काय ते खाऊपिऊ घाला.

आता मी सांगते ते ऐका, वाद घालायचा नाही. इरासाठी तारीख पुढे ढकलायची नाही. बाबा, मला माहितीये तुम्ही गुरुजींना फोन करून "जूनअखेर बघा" म्हणणार, करू नका. सगळ्यांना आमंत्रणं गेलीत. पाटावर तासन्‌तास मांडी घालून बसायचं नाही, खुर्चीवर बसून सगळं चालतं, मी गुरुजींशी बोललेय. सकाळची बीपीची गोळी उपास आहे म्हणून टाळायची नाही. आई, माळ्यावरची समई काढायला स्टुलावर चढायचं नाही, मी येईन तेव्हा काढेन, तुझा गुडघा गेल्या वर्षीपासून काय म्हणतोय ते मला माहितीये. पापड-कुरडया विकत आण, कोणी नावं ठेवत नाही. कानाच्या मशीनचे सेल दादाने आणले का? नसतील तर मला सांग, मी इथून आणते.

लहान स्पीकरही आणतेय. रेकॉर्डिंग पुरं व्हायला, बाजारात यायला वेळ लागेल, पण इराने तिच्या ओळीचा घरी वाजवलेला तुकडा खास तुमच्यासाठी पाठवलाय, शांतीच्या दिवशी संध्याकाळी पाहुणे गेले की लावू. आईने नऊवारी कुठल्या रंगाची घेतली ते लगेच कळव, मला ब्लाऊजपीस बघायचाय.

तुमची,
राणी